हिंदुराव पैलवानाची छाती

चाकणच्या तालमीत हिंदुरावानं कुस्त्या मोजक्याच केल्या होत्या, पण छाती मात्र भरघोस कमावली होती. गावाला तेवढं पुरेसं होतं. पाहुण्यांपुढं उभा करायला पैलवान लागायचा आणि हिंदुराव उभा छान राहायचा. त्या छातीपायी घरच्या म्हशीचं दूध त्याच्या पोटात जायचं आणि बायको गोजाबाई कोरा चहा प्यायची.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात स्टँडवरून पुण्याची एसटी सुटली. गाडीमागं धावणं पैलवानाला शोभत नाही, अशी हिंदुरावाची समजूत. तो ऐटीत चालत राहिला आणि अगदी शेवटी उजव्या हातानं दाराचा दांडा पकडला. गाडी काही थांबली नाही. हात ताणला गेला आणि काखेजवळ सुंभ तुटावा तसा आवाज झाला.

आता एसटीनं लोळवलं हे सांगायचं कुठल्या तोंडानं? त्यानं बेधडक ठोकून दिलं, "खेडच्या दत्तोबाला आस्मान दावलं, त्या डावात लागलं." वस्ताद मारुतरावांनी आठवडाभर तेल चोळलं. दंड काळानिळा पडला, काखेपुढची कड नाहीशी झाली आणि मांसाचा गोळा छातीच्या मध्याकडं सरकला.

"छाती वाढतीया," वस्ताद समाधानानं म्हणाले.

गोजाबाईला मात्र दिसत होतं, की नवऱ्याला कांद्याची पाटीसुद्धा दोन हातांत दाबून धरता येत नाही. तिनं त्याला पुण्याच्या इस्पितळात ओढत नेलं.

"हाड शाबूत आहे," सर्जन म्हणाले. "छातीचा स्नायू छातीतच संपत नाही, पैलवान. गळ्याच्या हाडावरून, बरगड्यांवरून तो निघतो, पीळ घेत एकवटतो आणि चपट्या कंडरेनं दंडाच्या हाडाला धरून राहतो. ती कंडरा हाडापासून सुटलीय. चोळून ती परत जायची नाही."

हिंदुरावाला फार अपमान वाटला. जन्मभर मिरवलेली छाती दंडाच्या भरवशावर होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सर्जनांनी दंडाच्या हाडाला बारीक भोकं पाडली आणि मजबूत रेशमी दोऱ्यानं कंडरा जागच्या जागी बांधली. हात अंगाशी आवळून टाकला. घरी सोडताना बजावलं, "सहा महिने जोर लावायचा नाही. पुन्हा सुटली, तर शिवायला धड काही उरणार नाही. मग हात असून नसल्यासारखा."

श्रावणी सोमवारच्या आखाड्यात गावानं जखमी वीराचा सत्कार ठेवला. हात नुकताच मोकळा झाला होता. पाटलांनी फेटा बांधला, हलगी कडाडली आणि गर्दी बाजूला सारत खुद्द दत्तोबा पुढं आला. बातमी खेडला पोचली होती.

"मला कवा पाडलंस रं तू?"

हिंदुरावानं गर्दीकडं तोंड केलं. "न्हाई पाडलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एसटी धरताना लागलं. मी खोटं बोललो."

गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. "बघा! पावण्याची इज्जत राखतोय! केवढं मोठं मन!" खरं बोलल्यानं त्याची कीर्ती दुप्पट झाली आणि लोकांनी त्याला कौतुकानं मातीत ढकललं. आपली टिंगल चाललीय असं वाटून दत्तोबा आणखी पेटला. शड्डू ठोकून तो वाकला.

हिंदुराव भ्याला. दत्तोबाला नाही, त्या दोऱ्याला भ्याला. ही एक झटापट, आणि मग जन्मभर मोट गोजानं हाकायची, पाट्या गोजानं उचलायच्या.

त्यानं उजवा हात पोटाशी घट्ट धरला, खाली बसला आणि सावकाश, आपणहून मातीत उताणा झाला. दोन्ही खांदे नीट टेकवले.

"झालो चीत," तो म्हणाला. "घे जिंकल्याचा नारळ."

हलगी थांबली. मग हुर्यो उठली. पाटलांनी फेटा काढून घेतला, वस्तादांनी पाठ फिरवली. लाजेनं हिंदुरावाचे कान तापले होते. आखाड्यात बाईमाणूस कधी येत नसे, पण गोजाबाई पुरुषांच्या गर्दीतून तरातरा आत आली आणि त्याच्यावर वाकली.

"हात?"

"जाग्यावर हाय."

"मग उठा की," ती म्हणाली, आणि साऱ्या गावादेखत तिनं त्याचा डावा हात धरला.