उन्हात टाकलेली चटई

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दिवसभर पोळ्या लाटून मनगट भरून येतं, मग ओळ वर-खाली जाते. कोणी ही वही उघडलीच तर सांभाळून घ्यावं. बूबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. आता लिहायला हरकत नाही.

बू चटई नेहमी उन्हात टाकायची. दुबईत ममझरच्या किनाऱ्यावर रविवारी गेलं की सगळे लोक खजुराच्या सावलीकडे पळतात, तिथे जागा अडवतात. बू सावलीपासून सात-आठ पावलं लांब, भर उन्हात चटई अंथरायची आणि स्वतः सावलीत उभी राहायची. मला पहिल्यांदा वाटलं हिला ऊन लागलंय. लोक बघायचे, हसायचे. अर्ध्या-पाऊण तासाने सावली सरकत सरकत आमच्या चटईवर यायची, आणि आधी बसलेले लोक उन्हात यायचे. त्यांना उठून बस्तान हलवावं लागायचं. तेव्हा बू चटईवर बसायची. संध्याकाळपर्यंत आम्हाला कोणी उठवत नसे.

ती म्हणायची, "छाँव के पीछे नहीं भागना, मावशी. छाँव का रास्ता देखो."

आमची वहिनी, म्हणजे ज्यांच्या घरी मी काम करते त्या बाई, अल कुसैसमध्ये डब्यांचा आणि फराळाचा व्यवसाय करतात. मी त्यांच्याकडे पोळ्या, पुरणपोळ्या, भाकऱ्या करते. बू त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एका लेबनीज कुटुंबाची मुलं सांभाळायची. ती इंडोनेशियाची. आम्ही लिफ्टमध्ये भेटलो. माझ्या हातात पिठाचं पोतं होतं, तिच्या कडेवर मूल होतं. तिने दुसऱ्या हाताने पोत्याचं टोक धरलं. मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही, जीभ टाळूला चिकटते. महिनाभर आम्ही नुसतं हसत होतो. मग एका रविवारी ती दारात चटई काखेत घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यल्ला, मावशी." म्हणजे चल.

वहिनींची मुलं मला मावशी म्हणतात, म्हणून तीही मावशी म्हणायची. तिच्याकडची मुलं तिला बू म्हणायची, म्हणून मी बू म्हणायचे.

तिचं गाव बालिकपापन. गाव कसलं, मोठं शहर, तेलाच्या कारखान्यांचं. तिच्या हिंदीत ती त्या शहराच्या समुद्राचं इतकं सांगायची की मला तो ममझरपेक्षा जास्त माहीत झाला. समुद्रात तेलाची जहाजं रांगेने उभी असतात, नळाला कळश्या लागाव्यात तशी. कारखान्याच्या चिमणीवर ज्योत जळत असते. रविवारी कामगार बायकापोरांसह येतात, एका मोटारसायकलवर पाच-पाच जण. मुलं कपड्यांसकट पाण्यात. तळलेली केळी मिरचीच्या ठेच्याला लावून खातात. मी विचारलं, केळं आणि ठेचा? तर पुढच्या रविवारी ती डब्यात घेऊन आली. मी नाक मुरडत खाल्लं आणि डबा पुसून दिला.

तिची आई त्या किनाऱ्यावर चटया भाड्याने द्यायची. तिकडे तसा धंदाच आहे. माणसं येतात, चटई घेतात, अख्खं कुटुंब तिच्यावर दिवसभर बसतं. माणसं कितीही असोत, भाडं चटईचं. बू लहानपणापासून आईबरोबर चटया अंथरायला जायची. सावलीचा रस्ता ती तिथेच शिकली. ज्या गिऱ्हाइकाला दुपारी उन्हात यावं लागतं ते परत येत नाही, म्हणून. चटईवर कोणी चप्पल घेऊन आलं तर तिला खपायचं नाही. एकदा वहिनींचा अर्णव आमच्याबरोबर आला होता. तो बूट घालून चटईवर बसला आणि म्हणाला, "बट देअर इज नो शेड हियर." बूने त्याचे बूट काढले, वाळू झटकली आणि म्हणाली, "वेट." सावली आल्यावर त्याने नुसतं "ओके" म्हटलं. घरी जाऊन मात्र वहिनींना सगळं सांगितलं.

मी जतकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी पहिल्यांदा दुबईत पाहिला आणि वर्षभर फक्त घोट्यापर्यंत गेले. बू कमरेपर्यंत जायची आणि वळून हात पुढे करायची. "पलान-पलान," म्हणायची. त्यांच्या भाषेत म्हणजे हळूहळू. तिने मला कधी ओढलं नाही. दर रविवारी हात पुढे करून उभी राहायची, मी मानेनेच नाही म्हणायचे, ती हसून पुढे जायची. दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी हात धरला. गुडघ्याच्या वर पाणी आलं, सलवार फुगली, आणि मी इतकी हसले की पलीकडच्या बायका बघायला लागल्या. त्याची मला लाज वाटली नाही.

मग सुप्रियाचं नर्सिंग आलं. सुप्रिया माझी मुलगी, गावाकडे आजीजवळ असते. तिचा नंबर लागला, पण आठ दिवसांत फी भरायची होती. दोन हजार दिरहाम कमी पडत होते, म्हणजे गावाकडचे पंचेचाळीस हजार. वहिनींकडून आधीच उचल घेतलेली होती. मी कोणाकडे मागितले नाहीत, मला मागता येतच नाही. चटईवर बसून नुसती रडले. बूने पुढच्या रविवारी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटा आणल्या.

ते पैसे कशाचे होते ते मला माहीत होतं. तिची आई सत्तरीला आलेली. आयुष्यभर लोकांसाठी सावली बघत आली आणि स्वतः फाटक्या छत्रीखाली बसते. बूला तिच्यासाठी किनाऱ्यावर छप्पर घालायचं होतं, चार खांब आणि वर पत्रा. चार वर्षं ती त्यासाठी साठवत होती. मी म्हटलं, हे नको. ती म्हणाली, "मम्मी चालीस साल धूप में बैठा. और दो साल बैठेगा. तेरी लड़की का एडमिशन दो साल नहीं बैठेगा."

परत कसे करायचे, ते तिनेच ठरवलं. तिच्याकडे एका चटईचं भाडं वीस हजार. ऐकून मी चटईवरून उठलेच. ती पोट धरून हसली. वीस हजार त्यांचे, म्हणजे इथले पाच दिरहाम. असे चारशे चटयांचे पैसे मला द्यायचे होते. मी दर महिन्याला शंभर दिरहाम द्यायचे आणि ती म्हणायची, "आज बीस चटाई." दिरहाम कधी म्हणाली नाही. चटई म्हटलं की मला देणं जड वाटायचं नाही. पण उन्हाळ्यात स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल टाकलं की मला न पाहिलेली ती म्हातारी दिसायची. माझ्यामुळे उन्हात बसलेली.

तेरा महिन्यांनी त्या लेबनीज कुटुंबाने दुबई सोडली. बूचा व्हिसा रद्द झाला. तिला पंधरा दिवस मिळाले. एकशे चाळीस चटया बाकी होत्या. मी वहिनींकडे उचल मागायला दोनदा गेले आणि दोनदा नुसता चहा देऊन आले. बूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पलान-पलान." जाताना तिने आपली चटई माझ्याकडे दिली. इमारतीच्या दारात टॅक्सी उभी होती. मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की पोळ्या पिशवीत वरती ठेवल्यात, लोणचं सांडेल, उभं धर. ती म्हणाली, "उभा ही पकड़ा है." टॅक्सी गेली.

पुढच्या महिन्यात मी शंभर दिरहाम घेऊन एक्स्चेंजमध्ये गेले. तिथे कधी एकटी गेले नव्हते, गावाकडे पैसे पाठवायलासुद्धा बूच बरोबर यायची आणि फॉर्म भरून घ्यायची. काउंटरवरच्या मल्याळी मुलाने विचारलं, किसको भेजना है? मी म्हटलं, बू. तो म्हणाला, पूरा नाम, जो कार्ड पे है.

मला माहीत नव्हतं. चार वर्षं रविवारी एका चटईवर बसलो. तिच्या आईचा कोणत्या पायाचा गुडघा दुखतो ते मला माहीत होतं, आणि तिचं नाव माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. मागे लोक उभे होते. मी पैसे मुठीत धरून परत आले.

फोन होता, तिचा नंबर होता. विचारायला काय लागतं? पण लाज वाटली. ज्या बाईने छपराचे पैसे काढून दिले तिला आता नाव विचारू? दोन महिने मी विचारलं नाही. ती दर रविवारी व्हॉइस मेसेज पाठवायची, चटयांचं नाव काढायची नाही, आणि मी इकडचं-तिकडचं बोलायचे. तिकडे म्हातारी उन्हात. शेवटी एका दुपारी पोळ्या अर्धवट टाकून फोन उचलला आणि एका दमात बोलून टाकलं की बू, तेरा नाम क्या है, मुझे मालूम नहीं, माफ करना.

उत्तर आलं ते नुसतं हसणं. मग कार्डाचा फोटो. नूरहयाती. खाली दुसरा मेसेज, "मेरे फोन में तेरा नाम मावशी है. मैं सोचा यही नाम है. तेरा नाम क्या?"

मी सांगितलं, सुमन.

मग पैसे जायला लागले. एक्स्चेंजची फी परवडत नाही म्हणून दोन महिन्यांचे दोनशे एकदम. रविवारी मी तिची चटई घेऊन ममझरला जायचे, उन्हात टाकायचे, सावलीत उभी राहायचे आणि तिचा मेसेज यायचा. "आज चालीस चटाई. बाकी सौ." मग बाकी साठ. मग बाकी वीस.

ते वीस मी ठेवले. खरं लिहायचं तर पैसे होते. डब्यात शंभराची नोट घडी करून ठेवलेली होती. पण मला वाटायचं, चटया संपल्या की ती रविवारी कशासाठी बोलेल? मी काही बोलणारी बाई नाही. मोजायला काही असलं तर माझं बोलणं होतं. म्हणून चार महिने मी सांगत राहिले, पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.

गेल्या महिन्यात तिने एक फोटो पाठवला. चार खांब, वर निळा पत्रा. खाली चटईवर एक लहानशी म्हातारी पाय पसरून बसलेली. मागे समुद्रात जहाजं रांगेने उभी, ती सांगायची तशीच. पुढे बूचा आवाज होता, "मम्मी छाँव में बैठ गया, देख. अब बीस चटाई दे दे. मैं जानता हूँ तेरे पास है. पैसा खलास कर, फिर हम फ्री में बात करेंगे."

मी तो मेसेज तीनदा ऐकला. दुसऱ्या दिवशी एकटी एक्स्चेंजला गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, किसको? मी पूर्ण नाव सांगितलं आणि मीच सही केली. पैसे पूर्ण फिटले. पावती या पानाला लावली आहे.

पुढच्या रविवारी मोजायला काही नव्हतं. चटई उन्हात होती, मी सावलीत. मेसेज नेहमीच्या वेळेला आला.

"सुमन," ती म्हणाली, "आज क्या पकाया?"