विहिरीचा प्रोग्रॅम

आमच्या वाडीतल्या विहिरीत वर गोडे पाणी आहे, खाली खारे. समुद्र जवळ आहे. पंप गरजेपेक्षा जास्त चालला की खारे वर चढते, ते पावसाळ्याशिवाय उतरत नाही. तोवर केळी करपून जातात. म्हणून निवृत्तीनंतर मी एक प्रोग्रॅम लिहिला. विहिरीतला सेन्सर खारेपणा मोजतो. मर्यादा आली की प्रोग्रॅम पंप बंद करतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर जुना संगणक जळला. प्रोग्रॅम ज्या संगणकीय भाषेत लिहिला होता, तिची नव्यावर नवी आवृत्ती होती. प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडला. इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या ज्या लायब्रऱ्यांवर तो उभा होता, त्या नव्या संगणकावर नव्हत्या.

विरारहून भाचा आला. तो संगणकाच्याच धंद्यात आहे. माझ्या जुन्या यादीतल्या सगळ्या लायब्रऱ्या त्याने एका आदेशात चढवायला घेतल्या. पडदा चुका दाखवणाऱ्या लाल अक्षरांनी भरला.

"मामा, सेन्सरची लायब्ररी कोणी सांभाळतच नाही आता. नवीन व्हर्जनवर चालणार नाही. हा प्रोग्रॅम गेला समजा. कंपनीचं ॲप घ्या, मोबाईलवरून पंप बंद."

"नेट गेले तर?"

"तेवढं चालतं हो!"

"विहिरीला चालत नाही."

"तुम्ही ना, त्या विहिरीपेक्षा हट्टी आहात."

तो गेल्यावर त्याने चढवलेले सगळे मी पुसले. पंप हाताने चालवू लागलो, पाणी चाखून बंद करू लागलो. हा उपाय फार दिवस टिकणारा नव्हता. जिभेला मीठ लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

मग प्रोग्रॅम चालवायचा, तो ज्या लायब्ररीसाठी अडेल तेवढीच बसवायची, पुन्हा चालवायचा, असा क्रम धरला. त्या लांबलचक यादीपैकी पाचच लागल्या, त्यांतल्या चार सरळ बसल्या. बाकीच्या मी कधीतरी हौसेने बसवून विसरलो होतो. पाचवी सेन्सरची, ती मात्र बसेना. तिचा कोड उघडून वाचला. माझ्या कामाचा भाग पानभरही नव्हता. तेवढा नव्या आवृत्तीच्या रीतीने मी स्वतः लिहिला. मोजून मीठ घातलेल्या बादलीत सेन्सर बुडवून आकडे ताडून पाहिले. जुळले.

पुढच्या रविवारी भाच्यासमोर पंप आपोआप थांबला. पाइपातून गळणारे उरलेले पाणी ओंजळीत धरून तो प्यायला.

"गोड आहे की! मामा, उगाच बंद केला याने."

"गोड असतानाच थांबायला हवा."

त्याने विहिरीत डोकावून पाहिले. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी परत नवीन व्हर्जन येईल. परत हेच करणार, या वयात?"

"येऊ दे," मी म्हणालो, आणि पाटात उरलेले पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवायला गेलो.