उजव्या खिशातला फुगवटा

टेलरबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरातल्या भिंतींवर जुने नामांकित क्रिकेटपटू टांगलेले होते. जुन्या काळची छापील चित्रं आणि खाली ज्याच्या त्याच्या हातची सही. धाकट्या दिराला वाटे, वहिनीला आपलाच क्रिकेटचा नाद लागला. पण बाई खेळाडू बघतच नसत, त्यांच्या पँटी बघत. कापड कसं पडलंय, कमरेला पट्ट्याऐवजी टाय कुणी बांधलाय. सही असली की माणूस खरा वाटे, म्हणून सहीचंच चित्र घ्यायचं.

एका रविवारी त्यांनी जुन्या बाजारातून एक फलंदाज आणला. बॅट टेकवून उभा, ओठ घट्ट मिटलेले. दीर हरखलाच.

"वहिनी, जिद्द बघा चेहऱ्यावर! गडी कधी हसला म्हणून नाही."

"ते असू दे, भावजी. याच्या उजव्या खिशात काय आहे?"

"खिशात?"

"फुगलाय बघा. एवढी कडक इस्त्री करणारा माणूस खिशात गोळा कोंबून चित्रासाठी उभा राहील का?"

"रुमाल असेल," म्हणत दिराने विषय संपवला. बाईंचा मात्र संपेना. पाय शिलाई मशीनवर आणि डोकं त्या खिशात. शेवटी त्यांनी विक्रेत्याला गाठलं. चित्र त्याने खेळाडूच्या मुलीकडूनच घेतलं होतं. तिला फोनवर विचारून त्याने पत्ता दिला.

मुलगी सत्तरीची, निवृत्त नर्स. प्रश्न ऐकून इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, कवळी! बाबांचे पुढचे दात तरुणपणीच गेले, चेंडू लागून. खेळताना कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे. मग तोंड मिटूनच राहणार ना! लोक आपले जिद्द म्हणतात."

तिने कपाटातून त्यांची खेळायची जुनी पँट काढली. बाईंनी खिसा उलटा केला. आत जाड कापडाचं दुसरं अस्तर, हाताने शिवलेलं. टाके वेडेवाकडे, पण सुटायची बिशाद नव्हती.

"आईनेच लावलं असणार," मुलगी म्हणाली.

"आई शिवायच्या?"

"सुंदर! माझे सगळे फ्रॉक तिचेच."

बाईंनी पँट खिडकीशी नेली. "मग हे त्यांचं नव्हे. सुई पहिल्यांदाच धरलेल्या माणसाचं आहे. पँट लग्नाआधीची का?"

"छे, लग्नात आजोळहून बाबांना मिळालेली ती, पुढे खेळायला घालायचे." मुलगी एकदम थबकली. "आई म्हणायची, यांना कवळी आहे हे मला वर्षभराने कळलं. आम्हाला वाटायचं, थट्टा करतेय."

"म्हणजे वर्षभर त्यांनी स्वतःच..."

"बायकोपासून लपवलं! आणि शिवलं कुठे बसून?"

बाईंनाही तेच विचारायचं होतं. मुलगी उठली, लग्नाचा अल्बम घेऊन आली, आणि दोघी डोक्याला डोकं लावून नवरदेवाचं तोंड बघू लागल्या.