जानेवारीतली पाहुणी

नोटबुर्गाला अख्खं हिंटरआख गाव बुर्गी म्हणायचं. दरीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे बस वळून परत जाते, तिथे तिचं सहा खोल्यांचं पाहुणघर होतं. स्कीला येणारी माणसं आठवडाभर राहायची, सकाळी तिच्या हातचा नाश्ता करून डोंगरावर जायची आणि संध्याकाळी लाल नाकं घेऊन परत यायची. वडील अचानक गेले आणि पाठोपाठ आईनं अंथरूण धरलं, तेव्हा बुर्गी शाळेतून नुकतीच बाहेर पडली होती. त्या वर्षी ती दरीतली सगळ्यात वेगवान पोरगी होती. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव जाणार हे ठरल्यासारखंच होतं. पण घर चालवायला दुसरं कोण होतं? धाकटा भाऊ लोरेन्झ तेव्हा जेमतेम हाताशी आला होता. बुर्गीनं स्की माळ्यावर टाकल्या आणि कंबरेला ॲप्रन बांधला. तो बांधला तो बांधलाच. फक्त एप्रिलमध्ये, पाहुणे आटले की, ती एखाद्या दिवशी स्की घेऊन गुपचूप डोंगरावर जायची आणि अंधार पडायच्या आत येऊन स्वयंपाकाला लागायची.

लग्नाचं कुणी विचारलं नाही असं नव्हतं. पण आजारी आईसकट बुर्गीला पत्करणारा कुणी निघाला नाही.

रूलॉफ्स कुटुंब हॉलंडहून दर फेब्रुवारीत यायचं. वाउटर रूलॉफ्स शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, जरासे वाकलेले, बर्फावर कायम पडणारे आणि पडल्यावर स्वतःच हसणारे. त्यांची बायको इनेका मात्र स्कीच्या वाटेला फारशी जायची नाही. नवरा आणि मुलं डोंगरावर गेली की ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि न विचारता बटाटे सोलायला घ्यायची. दोघींचं चांगलं जमलं होतं. मग एका हिवाळ्यात इनेका डोक्याला रुमाल बांधून आली, आणि पुढच्या हिवाळ्यात वाउटर एकटेच आले.

"खोली लहान दिलीत तरी चालेल," ते दारात उभे राहून म्हणाले.

"तुमची खोली तुमचीच आहे, रूलॉफ्ससाहेब," बुर्गी म्हणाली. "आधी बूट काढा. सूप गरम आहे."

त्या आठवड्यात ते डोंगरावर गेलेच नाहीत. इनेका बसायची त्या बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी बुर्गीनं त्यांच्या हातात फडकं दिलं आणि धुतलेल्या बश्या पुढे सरकवल्या. पुसता पुसता ते बोलायला लागले. मग दर वर्षी तसंच होत गेलं. दिवसा थोडं स्की, संध्याकाळी बश्या. त्यांनी बिघडलेला बूट वाळवायचा पंखा दुरुस्त केला, दाराची करकर घालवली. बुर्गी त्यांच्यासाठी कायझरश्मार्न करायची, तव्यातच फाडलेलं जाड गोड घावन आणि वर आलुबुखाऱ्याचा मुरंबा. ते थाळी निपटून खायचे आणि म्हणायचे, "हे खाल्लं की आणखी एक वर्ष निघतं."

बुर्गीची आई त्याच सुमारास गेली. लोरेन्झ आता रोज पहाटे मशिनीनं बर्फाचे उतार सपाट करायच्या कामावर होता आणि शेजारीच बायकापोरांसह राहत होता. बुर्गी सत्तावन्न वर्षांची झाली होती, आणि फेब्रुवारी जवळ आला की ती केस जरा जास्त निगुतीनं बांधते हे लोरेन्झच्या बायकोच्या, रोझविटाच्या, नजरेतून सुटलं नव्हतं.

असेच एकदा निघायच्या आदल्या दिवशी बश्या पुसताना वाउटर म्हणाले, "बुर्गी, तुम्ही कधी कुणाकडे पाहुणी म्हणून राहिला आहात?"

"मी? मला कोण बोलावणार?"

"मी बोलावतो. पुढच्या जानेवारीत, तुमच्याकडे सामसूम असते तेव्हा. सीमेपलीकडच्या एंगाडीन दरीत जाऊ, स्की करू. सगळं मी ठरवतो. तुम्ही फक्त यायचं आणि आयता नाश्ता करायचा."

बुर्गीच्या हातातली बशी पाण्यातच राहिली. "बघू," ती म्हणाली.

बघण्यासारखं काही नव्हतं. ते गेले त्या संध्याकाळीच तिनं माळ्यावर जाऊन स्की खाली काढल्या.

त्या वर्षी दर रविवारी जेवणानंतर फोन यायचा. हॉटेल कुठलं घ्यायचं, तळ्याच्या बाजूचं की स्टेशनाजवळचं. कुठला उतार सकाळी उन्हात असतो. गाडी कुठे बदलायची. त्यांनी डोंगराचा मोठा नकाशा पाठवला. तो बुर्गीनं स्वयंपाकघराच्या दारामागे लावला आणि कणीक मळता मळता ती त्यातल्या रेघांवरून डोळ्यांनी उतरत राहिली. ऐन उन्हाळ्यात, बाहेर गायी चरत असताना, तिच्या डोक्यात बर्फ पडत होता.

"खोल्या किती सांगितल्यात?" रोझविटानं विचारलं.

"दोन."

"दोन? मग एवढ्या लांब कशाला जाताय? दोन खोल्या तर इथेही आहेत."

"रोझविटा, तोंड आवर."

"मी आवरते गं. पण तू ते निळं जाकीट घेतलंस ना लांडेकच्या बाजारात जाऊन, ते काय थंडी वाजते म्हणून?"

बुर्गी लाल झाली आणि हसली. लोरेन्झ या भानगडीत पडत नसे. त्यानं बहिणीच्या स्की नेल्या, कडांना धार लावली, तळाला मेण चोपडलं आणि परत आणून भिंतीला टेकवल्या. जाताना नुसतं म्हणाला, "माणूस चांगला आहे. पडतो फार."

एंगाडीनला पोचल्यावर पहिल्याच सकाळी बुर्गीची फजिती झाली. सवयीनं तिनं उठल्याबरोबर अंथरूण आवरलं, टॉवेल घडी केले, न्हाणीघरातला नळही पुसून ठेवला. खोली झाडायला आलेली पोर्तुगीज बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"बाई, माझं काम काढून घेता का?"

"सवय हो. माझंही पाहुणघर आहे."

"मग इथे तरी बसा की जरा," ती बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. नाश्त्याला वाउटरना हे सांगितलं तेव्हा त्यांना ठसका लागला.

मग दोघं वर गेली. वाउटरनी बुर्गीला ॲप्रनमध्ये पाहिलं होतं, राख काढताना, बर्फ उपसताना पाहिलं होतं. स्कीवर कधी पाहिलं नव्हतं. वर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यातून उतरल्यावर तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला, एकदा उताराकडे पाहिलं आणि स्वतःला सोडून दिलं. गुडघे तिच्या वयाचे होते, पण बर्फाला ते कळत नव्हतं. एकेक वळण ती असं घेत गेली, जणू कागदावर कुणी न थांबता सही करतंय. अर्ध्यावर ती थांबली आणि वळून पाहिलं. वाउटर अजून वरच उभे होते.

बऱ्याच वेळानं ते धडपडत, दोनदा बसकण मारत खाली आले. धापा टाकत म्हणाले, "इतकी वर्षं तू मला बटाटे उकडून घालत होतीस, आणि तुला हे येत होतं?"

तू. डोंगरावर ठरावीक उंचीच्या वर सगळेच एकमेकांना तू म्हणतात, ती तिकडची रीतच आहे. हे बुर्गीला ठाऊक नसेल तर कुणाला? पण संध्याकाळी खाली हॉटेलात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, मीठ मागतानाही ते तूच म्हणाले. तिनं मीठ दिलं, आणि त्या रात्री तिला किती तरी वेळ झोप लागली नाही.

ते दिवस खरंच सुखाचे होते. ऊन होतं, बर्फ कोरडा होता. ती त्यांना शिकवायची, "भार खालच्या पायावर दे, डोंगराला बिलगू नकोस," आणि ते "हो बाई" म्हणून पुन्हा डोंगरालाच बिलगायचे. एकदा पाळणा अधांतरी थांबला. वारा सुटला होता. वाउटरनी आपला जाड मफलर काढून दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. पाळणा लवकर सुरू होऊ नये असं बुर्गीला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठेही पोचायची घाई नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी ती दोघं डोंगरावरच्या खानावळीत, लाकडी गच्चीवर, भिंतीला पाठ लावून उन्हात बसली होती. समोर जवाच्या सुपाचे वाडगे होते. वाउटर चमच्यानं सूप ढवळत राहिले.

"बुर्गी, तुला एक सांगायचंय. मुलांनाही अजून सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुला."

तिनं चमचा खाली ठेवला. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"आमच्या चर्चच्या गायकवृंदात एक बाई आहेत. मारेइके. त्याही एकट्याच. वसंतात त्या माझ्याकडे राहायला येणार आहेत. कायमच्या." मग ते पटकन म्हणाले, "इनेका गेल्यावर मी संपलोच होतो. तू त्या बश्या दिल्या नसत्यास तर पुन्हा कुणाशी बोलायला लागलो नसतो. तेव्हापासून मनात होतं, एकदा तुझे नीट आभार मानायचे. नुसतं थँक यू म्हणून नाही. एकदा तुला पाहुणी करायचं."

समोरच्या उतारावरून कुणी तरी ओरडत, हसत खाली गेलं. बुर्गी तिकडे पाहत होती.

"छान झालं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला याचं तिला नंतर नवल वाटलं. "स्की येतं का त्यांना?"

"छे. थंडी अजिबात सोसत नाही. आता हिवाळ्यात बहुतेक समुद्राकडेच जाऊ आम्ही." ते जरा ओशाळले. "माझी खोली तू दुसऱ्या कुणाला देऊन टाक."

"देईन. सूप गार होतंय तुझं."

तिनं आपलं सूप संपवलं. शेवटचा जवाचा दाणासुद्धा. मग उठून स्की अडकवल्या आणि म्हणाली, "मी जरा पुढे जाते. खाली भेटू."

ती जी निघाली ती कुठेच थांबली नाही. वळणं घेतली नाहीत, सरळ सोडलं. चष्म्याच्या आत सगळं धूसर झालं होतं आणि खालची वाट दिसत नव्हती, पण पाय आपोआप जात होते. खाली पाळण्याच्या घराशी येऊन तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि चष्मा पुसला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. वाउटर येईपर्यंत तिला पुरेसा वेळ मिळाला, कारण ते नेहमीप्रमाणे वाटेत पडले होते.

अजून दोन दिवस उरले होते. डोकं दुखतंय म्हणून ती खोलीत पडून राहू शकली असती, किंवा गाडी पकडून घरी जाऊ शकली असती. तिनं तसं केलं नाही. पाहुण्याची सुट्टी आपल्यामुळे नासू द्यायची नाही, एवढं एकच तिला आयुष्यभर जमलेलं होतं. तिनं त्यांना वळायला शिकवलं, मारेइकेबद्दल विचारलं, अक्रोडाचा केक अर्धा अर्धा केला. शेवटच्या दिवशी वाउटर एक अख्खा उतार न पडता उतरले आणि लहान मुलासारखे खूश झाले.

"इतकी चांगली सुट्टी माझी कधी झाली नव्हती," स्टेशनावर ते म्हणाले.

"माझीसुद्धा," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

घरी आल्यावर रोझविटा केक घेऊन धावत आली. बुर्गी खिडकीशी उभी होती. दारामागचा नकाशा काढलेला होता.

"कसं झालं?"

"बर्फ फार चांगला होता."

रोझविटानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि केक टेबलावर ठेवला. त्यानंतर या विषयावर तिनं एकदाही चिडवलं नाही.

दीड वर्षानं, जूनमध्ये, वाउटरचा फोन आला. मारेइकेला हे घर पाहायचंय, दोन दिवस जागा मिळेल का? बुर्गी हो म्हणाली.

मारेइके वाईट असती तर बरं झालं असतं. ती गोल चेहऱ्याची, मंद हसणारी बाई होती. वाउटर लोरेन्झची गुरं बघायला गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि इनेकाच्याच बाकावर बसली. तिला ते ठाऊक नव्हतं. भिंतीवर स्कीवाल्या बुर्गीचा एक फोटो होता, एंगाडीनला वाउटरनी काढलेला, रोझविटानं हट्टानं चौकटीत घातलेला. मारेइके त्याच्याकडे पाहत राहिली. फोटोतली बुर्गी काढणाऱ्याकडे बघून हसत होती.

 मग मारेइके हळूच म्हणाली, "त्यांना कळलंच नाही, नाही का?"

बुर्गी ओट्याशी पाठमोरी होती. "नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही सांगू नका. वाईट वाटून घेतील."

"मला माहीत नव्हतं. खरंच."

"तुम्हाला कसं माहीत असणार? कॉफीत दूध घालू का?"

मारेइकेनं कप पुढे सरकवला. बुर्गीनं दूध घातलं.

दोघं गेली त्या दुपारी घरचं गवत कापून पडलं होतं. लोरेन्झ ट्रॅक्टरवर होता, बुर्गी आणि रोझविटा दाताळ्यांनी गवत ओढत होत्या. कुरणाच्या मध्यावर आल्यावर बुर्गी बोलायला लागली. दाताळं न थांबवता, मान वर न करता तिनं सगळं सांगितलं. मीठ, मफलर, सूप, सगळं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते बाहीनं पुसत होती, घाम पुसावा तसं.

"माझंच चुकलं," रोझविटा म्हणाली. "मीच सारखी चिडवत बसले."

"तुझं काही नाही गं. तू चिडवावंस असं मलाच वाटायचं."

रोझविटानं आपलं दाताळं टाकलं आणि तिच्या जवळ येऊन उभी राहिली.  डोंगराच्या धारेमागून काळे ढग वर येत होते, आणि लोरेन्झ खालून हाका मारत होता की आवरा, भिजेल सगळं. बुर्गीनं नाक पुसलं, खाली पडलेलं दाताळं उचलून रोझविटाच्या हातात दिलं, आणि दोघी पुढच्या रांगेला लागल्या.