बिलिंगमागची स्टुलं

माझा राग वाईट. जालन्यातल्या एका मोठ्या सुपरमार्केटात माणसं नेमायची, सांभाळायची आणि टिकवायची हे माझं काम. या कामात रागावून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही, तरी रागावतेच. त्या स्टुलांपायी तर कित्येक दिवस मी घरीदारी नुसती धुमसत होते.

बिलिंगवरच्या मुली सगळी पाळी उभ्या असतात. पाय दुखतात, कंबर धरते, आणि दुसरं काही मिळालं की नोकरी सोडतात. मुलींना बसायला द्या, निम्म्या तरी टिकतील, असं मी वरच्या साहेबांना सांगून सांगून थकले. शेवटी आली एकदाची स्टुलं. मी स्वतः पुसून प्रत्येक काउंटरमागे ठेवली. आणि एकही मुलगी बसेना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातल्या एकीला सातवा महिना लागलेला. घनसावंगीकडची सून, रोज जीपनं यायची. पाय हे एवढाले सुजलेले. बसून काम कर, नाहीतर नोकरी सोड, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि नोकरी तर तिला जिवापाड हवी होती. "लग्न झाल्यापास्नं माझी म्हणून एवढीच एक गोष्ट हाय, मॅडम," असं ती एकदा बोलली होती.

"मग बस ना गं, बाई!" मी ओरडलेच.

"कशी बसू? सासरकडचं अख्खं गाव इथं खरेदीला येतं. चुलत सासरे, मावससासरे, कोण कधी समोर येईल काय सांगावं? त्यांनी उभं राह्यचं अन् सुनंनं बसायचं? आमच्या मामांची मान खाली जाईल." मामा म्हणजे तिचे सासरे.

बाकीच्याही सगळ्या कुणा ना कुणाच्या सुनाच. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यात एरिया मॅनेजरांनी फोनवर ऐकवलं, वापरत नसतील तर सोमवारच्या गाडीत घालून परत पाठवा. म्हणजे स्टूल गेलं की हिची नोकरीही गेली.

रविवारी दुपारी तोबा गर्दी. तिच्या रांगेत एक म्हातारबा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात चहापत्ती आणि साबणाची वडी. त्यांना बघताच तिनं लगबगीनं ओढणी डोक्यावर घेतली, तेव्हाच मी ओळखलं, हेच मामा. सून काम करते ती जागा बघायला ते पहिल्यांदाच आले होते. ती काउंटरला टेकून कशीबशी उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या स्टुलाकडे.

"ते कुणासाठी हाय?"

मीच पुढं झाले. "तिच्यासाठीच आहे, काका. पण तुम्ही मोठी माणसं समोर असताना ती बसत नाही."

म्हातारबांनी सामान काउंटरवर ठेवलं, टोपी नीट केली, गुडघ्यावर हात दिला आणि भर रांगेत फरशीवर मांडी घालून बसले.

"अवं मामा! उठा की, लोक बघून राह्यले!"

"बघू दे. मी खाली बसलो. आता तू वर बस, माय. तू बसल्याबिगर मी न्हाई उठत."

मागं ट्रॉल्या अडल्या. एरवी जरा उशीर झाला की आमचं गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं, पण त्या दिवशी सगळे ट्रॉल्या धरून थांबून राहिले. ती हळूच स्टुलावर टेकली. डोळ्यांना धार लागली होती, तरी बिल बराबर केलं. त्यांनी खालूनच हात वर करून पैसे दिले. आणि तरी उठेनात! मी हात द्यायला गेले तर म्हणाले, "थांबा जरा. मी उठलो की ती बी उठंल. पुढचं गिऱ्हाईक घेऊ द्या तिला."

इतकी वर्षं मी माणसं सांभाळायचा पगार घेते, पण माणसाला असं सांभाळलेलं मी बाई कुठंच पाहिलं नव्हतं. पुढच्या बाईचं सामान सुरू झालं तसे ते उठले, धोतर झटकलं आणि पिशवी घेऊन गेले. शेजारच्या काउंटरवरची मुलगी कधी बसली ते मला कळलंही नाही. सोमवारी गाडी आली ती रिकामीच परत गेली.

परवा तेच मामा पुन्हा आले, पेढे घेऊन. नात झाली. आमच्याकडं मुलगी झाली की बर्फी वाटतात, यांनी पेढे आणले. "सूनबाईची जागा ठिवा बरं का, मॅडम. लेकरू जरा मोठं झालं की येतीच ती." तिच्या काउंटरवर आता आष्टीची एक नवी सून आहे. मामांनी पेढा पुढं केला तशी ती सवयीनं उठायला लागली. मामांनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली वाकायला लागले.

पोरगी चटकन बसली. पेढा तिनं बसूनच घेतला.