पप्पांना घातलेला सूट

आमच्या पप्पांना वाडीत सगळे भंगारवाला म्हणायचे आणि मला त्याची भयंकर लाज वाटायची. मला लाज कशाची वाटायला हवी होती, ते फार उशिरा कळलं.

आम्ही गिरगावातले कॅथलिक. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली झावळी वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचायची आणि उपासकाळाच्या आधी परत द्यायची. तिचीच राख करून कपाळाला लावतात. बाकीचे विसरायचे. पप्पा मात्र घरोघर फिरून झावळ्या गोळा करायचे, आणि गेल्यासारखं दुधाच्या पिशव्या, बाटल्या, मेणबत्त्यांची थोटकंही घेऊन यायचे. पिशव्या धुऊन गॅलरीत चिमट्यांनी वाळत घालायचे.

"पप्पा, शेजारी हसतात हो!" मी चिडून म्हणायचे.

"हसू दे गो. आपण इथे देवाचे भाडेकरू. जागा सोडताना झाडून द्यायला नको?"

मुंबईत मेल्यावरही जागा कायमची मिळत नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून कबरस्तानाच्या भिंतीतल्या, त्या त्या घराण्याच्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. पप्पांना ही पद्धत भारी आवडायची. "मला पेटी नको," ते बजावायचे. "सुती चादरीत गुंडाळा. पटकन माती होईन आणि आईबाबांशेजारी कोनाड्यात जाऊन बसेन." आईने तशी चादर धुऊन, घडी घालून ठेवलीसुद्धा होती.

ते गेले त्या सकाळी आई ती चादर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी थोरली, सगळं माझ्याच हातात. मी तिच्यावर खेकसले, "चादरीत? लोक काय म्हणतील? आपण काय रस्त्यावर पडलोय?" आईने चादर परत कपाटात ठेवली. मी पॉलिश केलेली पेटी आणवली, आत चकचकीत अस्तर. माझ्या लग्नासाठी शिवलेला पॉलिएस्टरचा निळा सूट त्यांना घातला, नायलॉनचे मोजे घातले, छातीवर प्लॅस्टिकच्या फुलांचा क्रूस ठेवला. खोताच्या वाडीतल्या मावश्या म्हणाल्या, "किती छान दिसतायत गो!" मला बरं वाटलं. देवा रे, मला बरं वाटलं!

त्यानंतर आईने एकच ध्यास घेतला. पप्पांना कोनाड्यात ठेवलेलं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कोनाड्याला ती घरच म्हणते. "त्यांना एकदा घरी आणलं की मी सुटले," असं रोज. ऐंशी कधीच उलटली, हृदय थकलंय, डॉक्टर काही लपवत नाहीत. गेल्या महिन्यात कबर उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा हाडांसाठी तिने मांजरपाटाची पिशवी शिवली. सुई ओवायला मला बसवलं होतं. कबरस्तानात जाताना टॅक्सी चिंचपोकळीच्या पुलावर अडकली तेव्हासुद्धा ती पिशवीची शिवण चाचपत होती.

तिला झाडाखालच्या बाकावर बसवून मी पुढे गेले. कबर खोदणाऱ्या काकांनी माती उपसली. पेटीचं लाकूड पिचून गेलं होतं. सूट मात्र जसाच्या तसा. निळा, बटणांसकट. फुलांचा रंगही उडाला नव्हता. आणि त्या सुटात पप्पा अजून पप्पाच होते. मी तोंड फिरवलं.

"ताई, असले कपडे घातले की हे असंच," काका म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, सवयच झाली होती. "माती आत शिरतच नाही. किती जणांना सांगायचं? झाकून टाकतो. आता दोन वर्षांनी बघू."

ज्या माणसाने उभ्या जन्मात कशाचा कचरा होऊ दिला नाही, त्याचाच मी करून ठेवला होता. चार बायकांनी छान म्हणावं म्हणून.

मी आईकडे परत निघाले. खोटं बोलावं असंही मनात आलं.

"झाली का गो माती त्यांची?" तिने विचारलं.

"नाही आई. मी घातलेल्या सुटामुळे नाही झाली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मांडीवरच्या पिशवीची घडी घातली.

"मग कधी?"

"दोन वर्षांनी, म्हणाले."

"दोन वर्षं?" आई म्हणाली. "तेवढी मी नाही गो पुरणार."