लॅपटॉप गुणाचा हाय

वडूजच्या स्टँडमागं त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेल्या यंत्राला तो कधी नावं ठेवत नाही. माझा लॅपटॉप नेला तेव्हाही त्यानं आधी वायफाय बंद केलं, लॅपटॉपवर तळहात ठेवला आणि तो हँग होतो का ते घड्याळ लावून बघितलं. मग म्हणाला,

"लॅपटॉप गुणाचा हाय, बाई. अपडेटमधनं वायफाय चालवणारा नवा प्रोग्राम, म्हंजे ड्रायव्हर, आलाय, त्येच्याशी ह्याचं पटंना. म्हणून हँग हुतोय. जुनाच घालतो."

शिराळ्याच्या माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही हातांनी बोलतो. लॅपटॉप हँग झाला की तिचे हात वाक्याच्या मध्येच थांबायचे. हे मी त्याला सांगितलं होतं.

जुना ड्रायव्हर घालून तो म्हणाला, "आता बहिणीला लावा. अर्धा तास चालला, तवाच खरं."

एरवी दुकानात कुणी फोनवर बोलायला लागलं, की त्याचं खासगी बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून तो रेडिओ मोठा करतो. त्या दिवशी मी कॉल लावून हातांनी बोलायला लागले, तेव्हा त्यानं रेडिओला हात लावला नाही. आमच्याकडं पाठ करून तो भिंतीकडं बघत उभा राहिला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोठ्यानं बोलत आत आलं. मागं न बघताच तो म्हणाला, "जरा हळू, गड्या. बाई बोलत्यात."